कुणासाठी रे?

दसरा उलटला की आमच्या घरी माळा झाडण्याचा कार्यक्रम होतो. कार्यक्रम पत्नीचा; माझ्याकडे फक्त शिडी धरण्याचे काम असते. यंदा शिडीवर नातू चढला आणि त्याने वरून गोणपाटात बांधलेले एक जड गाठोडे खाली सोडले. उघडून पाहतो तो आत आजीची वजने! शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक. लोखंडी, कडांना गंज चढलेली, पण पाचही जागच्या जागी. वाईचा वाडा विकला तेव्हा ती कुणालाच नको होती, म्हणून माझ्या वाट्याला आली, आणि त्यानंतर मी ती साफ विसरून गेलो होतो.

दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला, आणि १९६२ सालापासून बाजारात किलोची वजने सक्तीची झाली. माझा जन्म त्यानंतरचा. तरी आमच्या आजीच्या कोठीत शेराचेच राज्य होते. सरकारचा कायदा ओसरीपर्यंत यायचा, कोठीत त्याला मज्जाव होता.

"पाचच वजनं?" नातू म्हणाला. "मग बाकीचं कसं मोजायचं?"

मी म्हटले, "छटाक एक धर. अदपाव म्हणजे दोन छटाक, पावशेर चार, अच्छेर आठ, शेर सोळा. आता मला अकरा छटाक करून दाखव बघू."

त्याने थोडी जुळवाजुळव केली आणि अच्छेर, अदपाव व छटाक अशी तीन वजने पुढे सरकवली. मी म्हटले, "आता दुसऱ्या रीतीने कर." पंधरा मिनिटे खटपट करून तो म्हणाला, "आजोबा, दुसरी रीतच नाही!"

"नाहीच," मी म्हटले. "आणि या एका गोष्टीवर तुझ्या आजोबांनी किती वर्षे पगार घेतला!"

त्याला ती थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. मी पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी केली. कारखान्याचे अंतर्गत संकेतस्थळ सांभाळणे हे माझे काम. मायक्रोसॉफ्टच्या 'शेअरपॉइंट' नावाच्या प्रणालीवर ते उभे होते. सतरा विभागांचे कागद तिथे एकत्र नांदत: यंत्रांचे आराखडे, रजेचे अर्ज, खरेदीच्या निविदा, पगाराचे तक्ते आणि कँटीनच्या आठवड्याच्या भाज्या. एवढी माणसे आणि एवढे कागद एका छपराखाली आले की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की कुणी काय पाहायचे आणि कुणी कशाला हात लावायचा?

या प्रणालीने तो प्रश्न आजीच्या वजनांनी सोडवला आहे. कागद नुसता पाहण्याची परवानगी म्हणजे एक, म्हणजे आपला छटाक. नवा कागद घालण्याची दोन. असलेला बदलण्याची चार. काढून टाकण्याची आठ. दुसऱ्याने केलेल्या कागदावर मंजुरीची मोहोर उठवण्याची सोळा, म्हणजे पुरा शेर! पुढे बत्तीस, चौसष्ट असे हे वाढत जाते. बुद्धिबळाच्या पटाइतकी, चौसष्ट घरांची जागा त्यासाठी राखून ठेवली आहे. सगळी घरे काही भरलेली नाहीत. माणसाच्या सगळ्या परवानग्यांची बेरीज करून एकच आकडा ठेवला, की त्यावरून कोणकोणती वजने पारड्यात आहेत हे बिनचूक सांगता येते. अमक्याला अमुक करता येईल का, हे प्रोग्रामने तपासायचे म्हणजे त्या पारड्यात ते विशिष्ट वजन आहे का, एवढे पाहायचे. यात नवशिका हमखास एक चूक करतो. तो बेरीज मोठी आहे का ते पाहतो. अकरा हा आकडा चाराहून मोठा खरा; पण अकरात पावशेर नाही! अकरा छटाकांच्या मालकाला कागद काढून टाकता येईल, पण त्यातला एक काना बदलता येणार नाही. कचेरीत अशी जड माणसे पुष्कळ असतात. त्यांच्यापाशी सगळे असते, फक्त आपल्याला हवे ते नसते.

ही झाली मोजण्याची रीत. पण ही बेरीज येते कुठून, हे समजायला आमच्या वाईच्या वाड्यात यावे लागेल.

वाड्याला आधी अंगण, मग ओसरी, मग माजघर. माजघरातून एक दार स्वयंपाकघरात आणि एक कोठीच्या खोलीत. ज्याला माजघरात यायची मुभा त्याला ओसरीवर यायची असणारच; ती कुणी वेगळी देत नसे. संकेतस्थळाचेही तसेच आहे. विभागाला जी परवानगी ती त्यातल्या कपाटाला, कपाटाची ती फोल्डरला, फोल्डरची ती कागदाला. वारशाने ती उतरत जाते. पण एखादा फोल्डर वेगळी चूल मांडतो. ज्या दिवशी वेगळा होतो त्या दिवशी घरातल्या सगळ्या परवानग्यांची एकेक प्रत बरोबर घेऊन जातो. मात्र त्यानंतर थोरल्या घरात कोण आले, कोण गेले, याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वर एखाद्याचे नाव काढून टाकावे आणि तीन वर्षांनी ते खाली कुठल्याशा विभक्त फोल्डरात खुशाल बसलेले सापडावे, असे मी कितीदा पाहिले आहे! वेगळी चूल मांडणाऱ्यांचा हिशेब ठेवणे फार कठीण, मग ते फोल्डर असोत की चुलतभाऊ.

आणखी एक सोय मला फार आवडते. आत खोलवर ठेवलेला एकच कागद एखाद्याला दाखवायचा असला, तर प्रणाली त्याला वाटेतल्या सगळ्या दारांतून नुसते जाण्यापुरता 'मर्यादित प्रवेश' आपण होऊन देते. शेजारच्या काकूंना आमच्या परसातल्या विहिरीवर यायचे असे, तेव्हा त्या माजघरातून अशाच जात. नजर खाली, कळशी कमरेवर. इकडेतिकडे पाहायचे नाही, थांबायचे नाही. मात्र काही माणसे अंगणातच, पायरीपाशी थांबत. त्यांना कुणी 'नाही' म्हटलेले मी कधी ऐकले नाही, आणि त्यांनी कधी विचारल्याचेही मला आठवत नाही. विचारायचे नसते हे त्यांना माहीत होते. पुढे संगणकावर मी जेव्हा, ज्याला अधिकार नाही त्याला ते बटणच दाखवायचे नाही, ही पद्धत शिकलो, तेव्हा सगळे तिला सभ्य म्हणत. सभ्य आहे खरी. तरी ती पायरी मला आठवल्याशिवाय राहिली नाही.

असो. सांगायची गोष्ट २०१२ सालची आहे.

वरिष्ठांच्या मनात आले, की प्रत्येक कामगार-कर्मचाऱ्याला सकाळी संगणक उघडताच एक पान दिसावे: 'आपल्यासाठी नवे कागद'. सतराही विभागांत काल आजकडे काय नवे आले, त्यातले जे ज्याला पाहता येईल ते त्याला एका जागी मिळावे. कल्पना चांगली होती. पण प्रत्येक माणसासाठी सतरा विभाग धुंडाळायला प्रणालीला मिनिटभर लागे, आणि सकाळी एक मिनिट थांबण्याची आपल्यापैकी कुणाचीही तयारी नसते. म्हणून मी युक्ती काढली. रात्री एका प्रोग्रामने सगळ्या कागदांची यादी करून ठेवायची. नाव, तारीख आणि वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून पहिल्या चार ओळी. सकाळी माणूस आला की त्या तयार यादीतला एकेक कागद घेऊन विचारायचे, "याला हा पाहता येईल का?" 'हो' आले तर दाखवायचा.

आता हा प्रश्न विचारण्यातही एक गंमत आहे. दुसऱ्याला काय परवानगी आहे, हे विचारायलाही परवानगी लागते! साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला ती नसते. म्हणून प्रणालीत एक सोय आहे. तेवढ्यापुरता प्रोग्राम चढत्या अधिकाराने, म्हणजे खुद्द यंत्रणेच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालवता येतो. कमरेला सगळ्या किल्ल्या लावून आत शिरायचे आणि मग विचारायचे. आणि विचारण्याच्या रीती दोन. एकीत परवानगीबरोबर माणसाचे नाव द्यायचे. दुसरीत नाव द्यायचे नाही. मग प्रणाली असे धरते, की सध्या ज्याच्या नावाने प्रोग्राम चालला आहे त्याच्याबद्दलच विचारणा आहे.

मी दुसऱ्या रीतीने विचारले.

म्हणजे झाले असे, की किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून मी दारोदार हिंडलो आणि प्रत्येक दाराला विचारले, "उघडशील का?" दारे मला म्हणाली, "हो, उघडेन की!" आणि ते उत्तर मी बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला त्याचे म्हणून सांगितले.

तुम्ही म्हणाल, करून पाहिले नाही का? पाहिले. मी पाहिले, माझ्या हाताखालच्या मुलाने पाहिले. आम्हा दोघांनाही सगळे कागद दिसले. आणि आम्हाला ते दिसायलाच हवे होते, कारण आम्ही दोघेही सर्वाधिकारी! आमच्यापुरते उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तर चुकीच्या वाटेनेही येते, हे शाळेत गणिताच्या मास्तरांनी छडी मारून शिकवले होते; ते शिक्षण वाया गेले होते.

पान सुरू झाले त्या दिवशी धनत्रयोदशीला दोन दिवस राहिले होते. कचेरीत दिवाळीचे वारे होते; टेबलाटेबलावर कॅलेंडरे, मिठाईचे पुडे. अकराच्या सुमारास खरेदी विभागातल्या ताई माझ्याकडे आल्या. सगळी कचेरी त्यांना ताईच म्हणे. माझ्याहून पाचसहा वर्षांनी वडील, पंचवीस वर्षांची नोकरी. दर दिवाळीला घरचा पातळ पोह्यांचा चिवडा आणत आणि टेबलावरच्या सगळ्यांना वाटीवाटीने देत. त्यांच्या हातात एक छापलेला कागद होता, घडी घातलेला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमचं नवं पान पाहिलं. त्यात जे दिसतं, ते आम्हाला दिसायला हवं म्हणूनच दिसतं ना?"

मी खुशीत होतो. म्हटले, "अहो ताई, प्रोग्राम एकेका कागदाला विचारून मगच दाखवतो. जे दिसतं ते तुमच्यासाठीच."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि जायला वळल्या.

त्या वळल्या नसत्या, आणखी काही बोलल्या असत्या, तर मला कदाचित काही वाटले नसते. पण 'मग ठीक आहे' हे शब्द माणूस असे उच्चारत नाही. मी म्हटले, "बघू." त्यांनी घडी उलगडून कागद माझ्यापुढे ठेवला. माझेच पान. त्यावर वरून तिसरी नोंद: 'स्वेच्छानिवृत्ती: प्रस्तावित नावे, खरेदी विभाग'. आणि खाली, वाचणाऱ्याला अंदाज यावा म्हणून मी मोठ्या कौतुकाने दिलेल्या पहिल्या चार ओळी. चार ओळींत चार नावे. तिसरे ताईंचे.

त्यांनी त्या नोंदीवर बोट दाबून पाहिले होते. कागद उघडला नव्हता. 'प्रवेश नाकारला' असे उत्तर आले होते. प्रणालीने आपले काम चोख केले होते. दाराला कुलूप होते. आतले चित्र मी दाराबाहेर काढून ठेवले होते.

मी काय बोललो ते मला आज नीट आठवत नाही. चूक माझी आहे, हे तुम्हाला दिसायला नको होते, असे काहीतरी म्हणालो असेन. त्या खुर्चीवर बसल्या.

"हे खरं आहे का?" त्यांनी विचारले.

"मला माहीत नाही. प्रस्ताव आहे म्हणतात."

"तुम्हाला तो कागद उघडता येईल ना?"

"येईल," मी म्हटले. माझ्या पारड्यात सगळीच वजने होती.

ताई काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नका उघडू." आणि थोड्या वेळाने, "बाकीच्या तिघांना दिसलं असेल का हो? आम्ही एकाच टेबलाला बसतो."

मी पान ताबडतोब बंद केले आणि सकाळपासून ते कुणी कुणी उघडले याची नोंद काढली. तीन तासांत एकेचाळीस माणसे. त्या तिघांतला एकच, आणि त्याने ते ती यादी त्यावर चढण्याआधी उघडून मिटले होते. ताईंना हे सांगितले तेव्हा त्या उठल्या, कागदाची पुन्हा घडी घातली आणि म्हणाल्या, "मग दिवाळी होऊ दे त्यांची." दुसऱ्या दिवशी टेबलावर वाटीवाटी चिवडा होता. एक वाटी माझ्यासाठीही आली.

साहेबांना मी सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "कुणी तक्रार केली का?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "मग?" या 'मग'चे उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

ती दिवाळी मी वाचनात घालवली. फराळाच्या ताटावर बसून संगणकाची पुस्तके वाचणारा नवरा पत्नीला काही नवा नव्हता. पण त्या वर्षी माझा चेहरा पाहून तिने टोमणा मारला नाही. वाचता वाचता मला माझे सोबती भेटले. नॉर्म हार्डी नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाचा १९८८ सालचा एक लहानसा लेख आहे. एका संगणकावर लोकांचे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक प्रोग्राम होता, असे त्यात सांगितले आहे. आपल्या कामाची टिपणे ठेवता यावीत म्हणून त्याला एका खास जागी लिहिण्याची मुभा दिली होती. त्याच जागी गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही होती. एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितले, "तुझ्या कामाचा तपशील अमक्या नावाच्या फाइलीत लिही," आणि नाव दिले ते त्या बिलांच्या फाइलीचे! गिऱ्हाइकाला तिला हात लावायचा अधिकार नव्हता. पण सांगकाम्याला होता. त्याने निमूटपणे लिहिले, आणि बिले गेली. हार्डीने या प्रकाराला जे नाव दिले त्याचे मराठी मी 'गोंधळलेला मुखत्यार' असे करतो. मुखत्यार चोर नव्हे, मूर्खही नव्हे. एका हातात स्वतःचा अधिकार आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याचे काम. या क्षणी आपण कुणाच्या अधिकाराने वागत आहोत, हेच त्याला उमगत नाही.

ते वाचले आणि वाईची कोठी आठवली. दिवाळीचा फराळ आजी कोठीत ठेवी आणि कोठीची किल्ली कमरेला. घरात एवढी मोठी माणसे, पण किल्ली ती द्यायची फक्त मला. मी सहा वर्षांचा. माझा हात खालच्या फळीपलीकडे पोहोचत नाही, हे तिला ठाऊक होते. "जा, गुळाचा खडा आण," म्हणून ती मला पाठवी. माझ्या चुलतभावंडांनी हे हेरले. ते म्हणाले, "आजीला सांग, काकूला गूळ हवाय, आणि आत गेलास की डबा ओढून चकल्या आण." ओढायला त्यांनी मला वाकडी काठीही करून दिली होती. दोन दिवस माझ्या सदऱ्यातून चकल्या बाहेर आल्या. मला त्यात एकही मिळाली नाही, याचे दुःख आजही आहे. तिसऱ्या दिवशी मी किल्ली मागायला गेलो तेव्हा आजीने हात कमरेकडे नेला आणि तो तिथेच ठेवून विचारले, "कुणासाठी रे?"

मी गप्प. आजी रागावली नाही. पण त्यानंतर किल्ली देण्याआधी दर वेळी तिने तेवढे दोनच शब्द विचारले. मी कोण, हे तिला पुरेपूर माहीत होते. मला कोठीत जायची परवानगी होती, हेही. तिचा प्रश्न निराळाच होता.

जुन्या लोकांच्या चुका वाचून मन थोडे हलके होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९६१ साली, एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत सुरू करून दाखवली गेली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथे परवलीचे शब्द आले. १९६६ साली एका दुपारी मात्र तिथे जो कुणी संगणकावर येई, त्याच्यापुढे दिवसाच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच येऊ लागली! दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, एक संदेशाची आणि एक परवलीच्या शब्दांची. दुरुस्तीचा प्रोग्राम दोघांसाठी एकाच नावाची कच्ची फाइल करी, आणि त्या दोहोंची अदलाबदल झाली. ही गोष्ट तिथले प्रमुख फर्नांडो कॉर्बाटो यांनी पुढे स्वतःच सांगितली. मोठी माणसे अशी असतात. मला ताईंखेरीज आणि साहेबांखेरीज कुणालाही सांगायला आज इतकी वर्षे लागली.

त्याच संस्थेतल्या साल्टझर आणि श्रोडर या जोडीने १९७५ साली एक निबंध लिहून या विद्येचे काही नियम घालून दिले आहेत. त्यातले दोन मी लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. मुळात दार बंदच असावे, परवानगी सापडली तरच उघडावे. आणि काल विचारले होते म्हणून आज विचारायचे राहू नये; दर वेळी विचारावे. दिवाळीनंतर मी पान नव्याने लिहिले. रात्रीच्या यादीतून चार ओळी काढून टाकल्या. प्रत्येक प्रश्नात बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे नाव घातले. उत्तर आले नाही, उशिरा आले, काही बिघडले, तर ते 'नाही' समजायचे. पान थोडे मंद झाले. लोक कुरकुरले. मी कुरकुरू दिले.

शिवाय मी एक माणूस तयार केला. खोटा माणूस, कुठल्याही विभागात नाही, कुठल्याही गटात नाही, पारड्यात एकही वजन नाही. रोज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मी त्याच्या नावाने संकेतस्थळावर शिरत असे आणि त्याला काय दिसते ते पाहत असे. त्याला काहीच दिसत नसे. कोरे पान पाहून मला जे समाधान होई ते माझ्या कुठल्याही भरल्या पानाने मला दिले नाही. हाताखालचा मुलगा हसे. म्हणे, "सर, याला एकदा कँटीनची भाजी तरी दाखवा!"

ताईंचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. यादी खरी निघाली. मार्च महिन्यात चौघांनाही बोलावून प्रस्ताव सांगितला गेला. तिघे हबकले, एक तर चार दिवस कामावरच आला नाही. ताईंनी मात्र आपल्या अटी कागदावर लिहून नेल्या होत्या. हिशेब करून ठेवला होता, घरी बोलून झाले होते, मुलीच्या शिक्षणाची तजवीज झाली होती. चौघांत सगळ्यांत चांगला सौदा त्यांचा झाला, असे म्हणत. निरोपाच्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या चुकीनं मला चार महिने मिळाले हो."

हे वाक्य मी बरीच वर्षे मनात घोळवले आहे. त्यात ऋण होते, की बोच होती? ते तिघे टेबलाला शेजारी बसलेले असताना चार महिने ते चार ओळींचे ओझे त्यांनी एकटीने वाहिले होते, आणि त्यांतल्या एकालाही चार महिने मिळाले नव्हते. त्यांनी ते तिघांना सांगायला हवे होते का? मी सांगायला हवे होते का? तो कागद पाहण्याची परवानगी माझ्यापाशी होती, ताईंपाशी नव्हती. पण तो होता मात्र त्या चौघांबद्दल, माझ्याबद्दल नव्हता. प्रोग्रामला हा फरक सांगता येत नाही. त्याच्यापाशी तसले वजनच नाही. मी त्यांना म्हणालो, "चूक ती चूकच, ताई." त्या म्हणाल्या, "हो, ती आहेच."

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी दुपारी माझ्या जागी आलेल्या मुलीने माझे सर्वाधिकार काढून घेतले. नियमाप्रमाणे, माझ्या समक्ष. खाते संध्याकाळपर्यंत चालू राहणार होते. मला काय लहर आली, मी माझ्याच नावाने तपासणी चालवली. नाव नीट घातले. सतराही विभागांत शून्य, शून्य, शून्य येत गेले आणि एका ठिकाणी एक आला. छटाकभर! कँटीनच्या एका विभक्त फोल्डरात, कुण्या जुन्या वर्षीच्या दिवाळी फराळाच्या यादीवर माझे नाव राहून गेले होते.

मुलगी हसली. म्हणाली, "राहू दे ना, सर. फराळ तर आहे."

मी म्हटले, "नाही, काढून टाक."

ती 'बरं' म्हणाली. तिने ते काढले की नाही, हे तपासण्याची परवानगी आता माझ्यापाशी नाही.